माड, नागोठणे आणि तीन गुणांचा प्रश्न

‘इथेनॉल तयार करण्याच्या पद्धती लिहा.’ रसायनशास्त्राच्या सराव प्रश्नसंचांत हा प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे. मुलं उत्तर पाठ करतात. पहिली पद्धत साखरेचं किण्वन, दुसरी इथीनला पाण्याची वाफ जोडणं, तिसरी ब्रोमोइथेनचं जलअपघटन. प्रत्येकीखाली एक समीकरण, बाणावर तापमान, आणि समीकरण संतुलित असेल तर तीनपैकी तीन गुण. अलिबाग तालुक्यातल्या एका शाळेत आणि पुढे कनिष्ठ महाविद्यालयात मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. माझं ठाम मत आहे की हा धडा रायगडच्या किनाऱ्यावर जितका जिवंत करता येईल तितका महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी करता येईल. तरीही आपण तो तसा शिकवत नाही, कारण दारूचं नाव निघालं की शाळा अंग चोरते. या अंग चोरण्याने आपल्या मुलांचं नुकसान होतं आहे, आणि ते थांबवणं अवघड नाही.

आत्ताच्या दहावीच्या विज्ञानात इथेनॉल निदान तीन ठिकाणी भेटतं. ‘कार्बनी संयुगे’ या पाठात त्याचे गुणधर्म येतात: सोडियमशी अभिक्रिया, सल्फ्युरिक आम्लाबरोबर १७० अंशांपर्यंत तापवल्यावर मिळणारं इथीन. दुसऱ्या भागात सजीवांच्या जीवनप्रक्रियांच्या पाठात यीस्टचं विनॉक्सिश्वसन येतं. त्याच भागात पुढे, सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठात, उसाच्या मळीपासून मिळणारं स्वच्छ इंधन येतं. पदार्थ एकच, पण वर्गात या तिन्हींची गाठ कुणी घालून देत नाही. जीवशास्त्राच्या तासाला बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून तोंडावरचा फुगा फुगवून दाखवतात. मुलांना गंमत वाटते. फुग्यातल्या वायूचं नाव फळ्यावर लिहिलं जातं. बाटलीत मागे राहिलेल्या द्रवाचं नाव मात्र सहसा लिहिलं जात नाही.

मी ते लिहीत असे, आणि त्याचं कारण माझ्या घरात होतं. माझे आजोबा भंडारी, अष्टागरातल्या वाड्यांमधून माडी काढणारे. नारळाची पोय उमलायच्या आधीच ती दोरीने आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाची पातळ चकती कोयतीने उतरवायची. काही दिवसांनी त्या कापातून रस ठिबकायला लागतो. त्याखाली मडकं अडकवायचं, सकाळ-संध्याकाळ चढून ते उतरवायचं आणि दर खेपेला कापावरची सुकलेली कड काढून टाकायची, नाहीतर रस आटतो. चांगला माड दिवसाला लिटर-दीड लिटर रस देतो. त्यात साधारण बारा ते पंधरा टक्के साखर असते आणि ती जवळजवळ सगळी सुक्रोज, म्हणजे आपण चहात घालतो तीच.

पहाटेच्या गारव्यात उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. उन्हं वर आली की तोच रस फसफसू लागतो. त्यात कुणी काही घालत नाही. यीस्ट हवेतून येतं, पोईवर बसणाऱ्या माश्या-मुंग्यांच्या पायांवरून येतं, मडक्याच्या छिद्रांत कालचं उरलेलं असतं. यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. मग विकरांचा जो संच पाठ्यपुस्तकं झायमेज या एकाच नावाने सांगतात, तो या साध्या शर्करांचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड करतो. संध्याकाळपर्यंत रसात चार-पाच टक्के इथेनॉल झालेलं असतं. तसाच ठेवला तर दुसरे जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचं ॲसिटिक आम्ल करतात आणि काही दिवसांत शिरका हाती येतो. माडीत यीस्टच्या बरोबरीने झायमोमोनास नावाचे जिवाणूही साखरेचं इथेनॉल करत असतात. ही गोष्ट बारावीच्या पुस्तकातही मला दिसली नाही.

आता चुन्याचं पाहा. नीरा म्हणून विकायचा रस असेल तर आजोबा मडक्याला आतून चुना फासायचे. त्याने रस ‘चढत नाही’ एवढंच ते सांगत. चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याने रस आम्लारीधर्मी होतो, यीस्टची वाढ खुंटते आणि साखर साखरच राहते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पिके संशोधन संस्थेने अलीकडे बर्फाच्या पेटीत रस गोळा करायची युक्ती काढली आहे. त्यात चुना लागत नाही, तापमान खाली ठेवूनच किण्वन रोखलं जातं. विकराचं काम कोणत्या सामूला चालतं, कोणत्या तापमानाला थांबतं, हा अकरावी-बारावीत रटाळ वाटणारा भाग या दोन मडक्यांवर उभा करता येतो. नवगावच्या किनाऱ्याशी नातं सांगणाऱ्या बेने इस्रायल ज्यू घरांत शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी काळ्या मनुकांचं सरबत करतात. तेही ताजंच घ्यायचं असतं, म्हणून त्यात मद्यार्क होत नाही. साखर तिथेही आहे, फक्त यीस्टला वेळ दिलेला नाही.

फसफसणाऱ्या रसात नेमकं काय घडतं हे कळायला युरोपातल्या विद्वानांनाही निम्मं शतक लागलं. पाश्चरने १८५७ पासून दाखवून दिलं की किण्वन हे जिवंत पेशींचं काम आहे. मग १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याच्या पेशी फोडल्या, रस पिळून काढला आणि त्या निर्जीव रसाने साखरेचं अल्कोहोल करून दाखवलं. जैवरसायनशास्त्राचा पाया इथे पडला आणि बुखनरला १९०७ चं नोबेल मिळालं. मी हा भाग शिकवताना फळ्यावर माड काढायचे. एकदा मागच्या बाकावरचा मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, म्हणजे आमच्या बाबांच्या मडक्यावर फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड का?’ वर्ग हसला. प्रश्न इतका अचूक होता की मी तास तिथेच थांबवला आणि उरलेला वेळ त्या फेसावर बोलले. मला ते हसणं खुपतं. त्या मुलाला घरातून जे ज्ञान मिळालं होतं ते बुखनरच्या प्रयोगाला थेट जाऊन भिडणारं होतं, आणि शाळेने त्याला फक्त लाजायला शिकवलं होतं.

ही लाज कुठून आली हे समजायला थोडा इतिहास लागतो. एकोणिसाव्या शतकात उरणजवळ मोऱ्याला मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या. त्यांचे मालक बहुतेक पारशी होते, आणि माल बोटींनी मुंबईला जायचा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला तेव्हा माडी काढायच्या झाडागणिक कर वसूल करण्याची यंत्रणा पक्की झाली. १८९२ मध्ये तर खास ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) या दोन जिल्ह्यांकडे बघून मोहाच्या फुलांबद्दल कायदा झाला. फुलं बाळगण्यावरच बंधन आलं. तीच फुलं कातकरी-ठाकरांच्या घरी टंचाईच्या दिवसांतलं अन्न होती, आणि सरकारला त्यांच्यात फक्त बुडणारा महसूल दिसत होता. पुढे स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. आज तोच महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणं आणि माड किंवा ताड छाटून रस काढणं त्याखाली गुन्हा आहे. म्हणजे दीडशे वर्षं या किनाऱ्यावरच्या किण्वनाकडे सरकारने एक तर वसुली म्हणून पाहिलं किंवा गुन्हा म्हणून. ज्यांच्या हाताला ते येत होतं, त्यांना त्यातलं विज्ञान सांगावं असं कुणाला वाटलं नाही. शाळेने तेच पुढे चालवलं.

आता दुसरी पद्धत. इथीनला पाण्याची वाफ जोडली की इथेनॉल मिळतं, हे वाक्य मुलं लिहितात. ते इथीन येतं कुठून, हे मात्र त्यांना ठाऊक नसतं, मग ती वडखळला राहात असोत की पेणला. मुंबई हायचा नैसर्गिक वायू समुद्राखालच्या नळाने उरणला ओएनजीसीच्या प्रकल्पात येतो. तिथे त्यातून इथेन आणि प्रोपेन वेगळे काढतात आणि नळानेच नागोठण्याला धाडतात. आंबा नदीच्या काठचा नागोठण्याचा गॅस क्रॅकर आयपीसीएल या सरकारी कंपनीने उभारला. २००२ मध्ये आयपीसीएलची सूत्रं रिलायन्सकडे गेली. क्रॅकर म्हणजे भट्टीच. नळ्यांमधून इथेन आणि वाफ आठशे अंशांहून अधिक तापमानातून क्षणभरात नेतात. इथेनच्या रेणूतले दोन हायड्रोजन सुटतात आणि इथीन उरतं. पुस्तकात ज्या रेणूचं चित्र दोन कार्बन आणि दुहेरी बंध असं काढलेलं आहे, तो रेणू वर्षाला लाखो टनांच्या हिशेबाने मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी जवळ तयार होतो.

पण नागोठण्याला इथीनचं इथेनॉल करत नाहीत. त्याचं पॉलिथिन होतं, ग्लायकॉल होतं. मी वर्गात विचारायचे की इथीन एवढं हाताशी असताना त्याचं इथेनॉल का करत नसतील? या एका प्रश्नावर दोन तास जात, आणि ते माझे सर्वांत आवडते तास होते.

उत्तरासाठी आधी ती अभिक्रिया नीट पाहावी लागते. इथीन आणि वाफ यांचं मिश्रण सिलिकावर बसवलेल्या फॉस्फोरिक आम्लावरून न्यायचं. तापमान सुमारे ३०० अंश, दाब वातावरणाच्या साठ ते सत्तर पट. एवढा आटापिटा करून एका फेरीत जेमतेम पाच टक्के इथीनचं इथेनॉल होतं. उरलेलं परत परत फिरवावं लागतं. मुलं विचारतात, तापमान अजून का वाढवत नाहीत? तर ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. तापमान वाढवलं की समतोल उलट्या बाजूला सरकतो आणि इथेनॉल पुन्हा मोडतं. मग तापमान कमी का करत नाहीत? कमी केलं तर वेग इतका मंदावतो की कारखाना चालणार नाही. दाबाने मात्र फायदा होतो, कारण दोन रेणूंचा एक होतो. पण दाबाला पोलाद लागतं, कॉम्प्रेसर लागतो, वीज लागते. ल शातेलिएचं तत्त्व अकरावीला दोन ओळींत पाठ करून सोडून देतात. ते कारखान्याच्या मालकाला किती पैशांत पडतं हे असं कळतं.

याच्या पुढची गोष्ट आपल्या देशाची आहे, आणि ती मुलांना सांगितली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं. इथे बाण बराच काळ उलटा धावला. आपल्याकडे तेलाचे कारखाने कमी आणि साखर कारखाने भरपूर. त्यामुळे मळीपासून इथेनॉल आणि इथेनॉलपासून इथीन करणं परवडायचं. १९५९ मध्ये बंगालमधल्या रिश्रा इथे असं मद्यार्कापासून मिळवलेलं इथीन वापरून पॉलिथिन तयार होऊ लागलं. उत्तराखंडातल्या काशीपूरची इंडिया ग्लायकॉल्स आजही मळीच्या इथेनॉलपासून ग्लायकॉल बनवते. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनीने २०१० मध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिनचा मोठा कारखाना सुरू केला. दुसरीकडे स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथला इथीनपासून इथेनॉल करणारा जुना कारखाना बंद करत असल्याचं त्याच्या मालकांनी जाहीर केलं. म्हणजे पाठ्यपुस्तक ज्याला आधुनिक औद्योगिक पद्धत म्हणून मांडतं ती जगात मागे पडते आहे, आणि आजोबांच्या मडक्यातली पद्धत लाखो लिटरच्या पोलादी टाक्यांत पुढे जाते आहे. सल्फ्युरिक आम्लाने इथेनॉलमधलं पाणी काढून इथीन मिळवायचा जो प्रयोग दहावीच्या पुस्तकात आहे, त्यामागे एका देशाचा औद्योगिक इतिहास उभा आहे. तो सांगायला पाच मिनिटं पुरतात.

तिसऱ्या पद्धतीबद्दल मला थोडंच म्हणायचं आहे. ब्रोमोइथेन आणि जलीय सोडियम हायड्रॉक्साइडपासून इथेनॉल होतं, हे खरं आहे. ते बाराव्या इयत्तेत अभिक्रियेची यंत्रणा समजावण्यासाठी शिकवावं. पण इथेनॉल हवं म्हणून कुणी हा मार्ग धरत नाही. ब्रोमोइथेन स्वतःच सहसा इथेनॉलपासून बनवलेलं असतं. तिन्ही पद्धती एकाखाली एक, सारख्याच अक्षरात छापल्या की मुलाला वाटतं तिन्ही जगात सारख्याच चालतात. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे की ‘पद्धती लिहा’ असं विचारू नका. ‘तुमच्या तालुक्यात इथेनॉल तयार करायचं ठरलं तर कोणती पद्धत निवडाल आणि का’ असं विचारा. त्यात समीकरण आपोआप येईल. सोबत भाताची कणी, मळी, वीज आणि पाणी यांचा हिशेबही येईल. रायगडात ऊस नावालाच, पण भात आहे. तुटका तांदूळ आणि मका यांच्या स्टार्चपासून इथेनॉल करणाऱ्या भट्ट्या देशात आता मोठ्या प्रमाणावर चालतात. स्टार्चची आधी अमायलेजने साखर करावी लागते, ही एक पायरी तेवढी वाढते.

या सगळ्याचा मुलांच्या जगण्याशी रोजचा संबंध आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पावसाळ्यात स्कूटरच्या टाकीत पाणी गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं आणि गाडी बंद पडते. हे गॅरेजवाला सांगतो, पण का हे शाळेने सांगायला हवं. इथेनॉलचा रेणू पाण्याशी हायड्रोजन बंध करतो आणि पेट्रोलचा करत नाही. ऊर्ध्वपातन करून ९५-९६ टक्क्यांच्या पुढे इथेनॉल शुद्ध होत नाही, कारण तिथे पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलसाठी उरलेलं पाणी झिओलाइटच्या बारीक छिद्रांत अडकवून काढतात. महाडच्या औद्योगिक वसाहतीत लक्ष्मी ऑरगॅनिकचा कारखाना इथेनॉलपासून इथाइल ॲसिटेट करतो. शाई, रंग आणि औषधांच्या कारखान्यांत ते वापरलं जातं. आपल्याच जिल्ह्यातली मुलं पुढे अशा कारखान्यांत नोकरीला जातात. तिथल्या टाक्यांवरची नावं त्यांना शाळेत फक्त पाठ करायला मिळालेली असतात.

आता मिथेनॉल. इथे माझा आवाज चढतो आणि तो मी आवरत नाही.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं गेली. त्याआधी २००४ मध्ये विक्रोळीत तेच झालं. मरणारे बहुतेक मजूर. दोन्ही वेळी दारूत कारखान्यात वापरायचं मिथेनॉल होतं. साखरेच्या किण्वनात मिथेनॉल जवळजवळ होत नाही. ते उद्योगासाठी वेगळ्याच पद्धतीने, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या मिश्रणापासून बनतं, आणि कुणीतरी ते स्वस्त पडतं म्हणून चोरून आणून मिसळतो. दोन्ही द्रव रंगहीन, वास जवळपास सारखा, दोन्ही पेटतात आणि दोघांची ज्योत फिकट निळी. काडी लावल्यावर निळी ज्योत आली म्हणजे माल चांगला, असा समज मी आमच्या भागात ऐकलेला आहे. हा समज माणसाचा जीव घेऊ शकतो. यकृतातलं तेच एक विकर इथेनॉलचं ॲसिटाल्डिहाइड करतं आणि मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड. इथेनॉलच्या वाटेवर शेवटी ॲसिटिक आम्ल येतं, ते शरीर वापरून टाकतं. मिथेनॉलच्या वाटेवर फॉर्मिक आम्ल येतं, ते डोळ्याची नस जाळतं आणि मग श्वास थांबवतं. लक्षणं काही वेळा बारा-चोवीस तासांनी दिसतात, म्हणून माणूस घरी झोपून राहतो. डोळ्यांपुढे धुकं आलं, पोटात कळ आली की त्याच क्षणी रुग्णालय गाठलं आणि डॉक्टरला काय प्यायलं ते खरं सांगितलं तर जीव वाचू शकतो, कारण त्या विकराला अडवणारं औषध आहे. हा संपूर्ण परिच्छेद दहावीच्या मुलाला समजतो. वडिलांना रिक्षात घालून वेळेत नेणारा बहुतेकदा घरातला तोच मुलगा किंवा तीच मुलगी असते.

माडीचंही तसंच. राज्यात ताडी-माडीच्या दुकानांवरच्या छाप्यांत क्लोरल हायड्रेटची भुकटी सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. क्लोरल हायड्रेट म्हणजे पूर्वी झोपेचं औषध म्हणून वापरलं जाणारं, इथेनॉल आणि क्लोरीनपासून बनणारं रसायन. १८३२ मध्ये लीबिगने ते प्रथम तयार केलं. माडावरचा रस कमी आणि भुकटी घातलेलं पाणी जास्त, असा धंदा चालतो तेव्हा खऱ्या माडी काढणाऱ्याची रोजीही जाते आणि पिणाऱ्याचं शरीरही. हे रसायन ओळखू शकणारी मुलं आपण तयार करतो का?

मला माहीत आहे, काही पालक आणि काही सहकारी म्हणतील की बाई शाळेत दारू शिकवा म्हणतात. दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरलेल्या बायकांना मी ओळखते, त्यातल्या काही माझ्या मैत्रिणी आहेत. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींच्या घरात नवऱ्याच्या, बापाच्या दारूने चूल बंद पडलेली मी पाहिली आहे. म्हणूनच म्हणते की या विषयावर गप्प बसण्याने घराघरांतली एकही बाटली कमी झाली नाही. मुलांना दारूबद्दल सांगणारे लोक गावात पुष्कळ असतात, आणि त्यातल्या कुणालाही मिथेनॉल म्हणजे काय ते सांगता येत नाही. शाळेने सांगायचं नाही असं ठरवलं तर मुलं त्यांच्याकडूनच शिकतात.

वर्गात करायचा प्रयोग साधा आहे, आणि त्यात ऊर्ध्वपातनाला जागा नाही. अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर विरघळवायची, चमचाभर यीस्ट घालायचं, बाटलीच्या तोंडाला नळी बसवून तिचं दुसरं टोक चुन्याच्या निवळीत सोडायचं. निवळी दुधाळ झाली की नळी बाहेर काढायची आणि बाटली नुसतीच वजनकाट्यावर ठेवायची. रोज एक मुलगी, एक मुलगा वजन लिहितात. बाटलीतून वायू निघून जातो तसं वजन उतरतं. किण्वनात ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघाला की बाटलीत ४६ ग्रॅम इथेनॉल तयार झालेलं असतं, हे समीकरण सांगतं. समजा वजन २२ ग्रॅमने उतरलं, तर आत २३ ग्रॅम इथेनॉल आहे. ५० ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम मिळू शकतं. मग उरलेली साखर कुठे गेली? यीस्टने स्वतःची वाढ केली, थोडी तशीच राहिली, थोडं ग्लिसरॉल झालं. एक बाटली गार पाण्यात ठेवायची, एकीत थोडा चुना घालायचा, आणि तिन्हींचे आलेख एका कागदावर काढायचे. द्रव कुणी चाखायचा नाही, कुणी उकळायचा नाही. शेवटी शिक्षकांनी स्वतःच्या हाताने तो मोरीत ओतायचा. यीस्ट, साखर, चुना आणि वजनकाटा एवढंच लागतं, आणि कोणत्याही गावच्या बाजारात ते मिळतं.

बहुतेक शिक्षकांना हे करावंसं वाटतं, पण भीती असते. वर्गात साखर आंबवली तर दारूबंदी कायद्याखाली कुणी तक्रार करेल का, मुख्याध्यापक काय म्हणतील, संस्थाचालक काय म्हणतील. ही भीती दूर करणं शासनाच्या हातात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक असा निर्णय दिला की औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांना कायदा करता येतो. म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या दिव्यापासून कारखान्याच्या टँकरपर्यंत सगळ्यावर राज्याचा अधिकार आहे, आणि शाळाही राज्याच्याच आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि शालेय शिक्षण विभाग यांनी मिळून एक पानाचं पत्रक काढावं. ऊर्ध्वपातन न करता, ठरावीक प्रमाणापर्यंत, शिक्षकाच्या देखरेखीखाली केलेला किण्वनाचा प्रयोग हा शिक्षणाचा भाग आहे आणि त्याला परवान्याची गरज नाही, एवढं त्यात स्पष्ट लिहावं. त्याच पत्रकात मिथेनॉलच्या विषबाधेची लक्षणं आणि करायची कृती छापावी, आणि ते पान प्रत्येक शाळेच्या सूचना फलकावर लावावं.

रायगड जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला तर पत्रकाची वाटही पाहावी लागणार नाही. उरण, नागोठणे आणि महाड इथल्या प्रकल्पांना दहावी-अकरावीच्या मुलांची भेट ठरवण्यासाठी पत्र पाठवता येतं. परवाना असलेल्या, नीरा किंवा माडी काढणाऱ्या एखाद्या माणसाला शाळेत बोलावून एक तास त्याला बोलू द्यावं. तो पोय कशी बांधतो, चुना किती लावतो, रस कधी बिघडतो, हे तो कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं सांगेल. फळ्यावर समीकरण लिहायचं काम शिक्षकांनी करावं. आणि त्या दिवशी वर्गात त्या माणसाचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांना पहिल्या बाकावर बसवावं.